केरबा मास्तर आणि वहिनींची म्हैस

केरबा मास्तरांना काहीही सांगायला गेलं, की ते आधी हात वर करून थांबवायचे. "ही फेबल हाय का अनेक्डोट?" जनावर बोलत असलं तर फेबल, माणसावर बेतलेलं असलं तर अनेक्डोट, आणि आजोबांच्या वेळचं, कुणीच न बघितलेलं असलं तर लेजंड. एकदा मी त्यांच्याच गवताची गंजी पेटल्याचं सांगायला धावत गेलो, तर "ह्याला रिपोर्ट म्हंत्यात," एवढं समजावून मगच ते उठले.

संस्थानच्या महाराजांनी शाळा काढायचा सपाटा लावला होता, त्या दिवसांत मास्तर शिवाजी पेठेत इंग्रजी शिकवायचे. माझं बुकं बांधायचं दुकान त्यांच्या दाराला लागून. त्यामुळं पोरांना सुट्टी असली तरी मला नसायची.

मास्तरांच्या बायकोला, अनसूयावहिनींना, अक्षरओळख नव्हती. हुपरीहून त्यांच्या भावाचं दोन ओळींचं पत्र आलं, की मास्तर ते नाकापासून लांब धरायचे.

"हे लेटर न्हवं, नोट हाय. लेटरला पान भराय लागतंय. एपिसल तर साधुसंतच लिवत्यात."

"ते ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणायच्या, "माझं पैंजण कवा धाडतोय, त्येवढं वाचा की."

पेठेच्या विहिरीवर 'इथं पाय धुऊ नयेत' अशी पाटी लावायचं ठरलं, तेव्हा मास्तर मध्ये पडले. लाकडावर रंगवली तर पाटी. दगडात खोदली तर इन्स्क्रिप्शन, आणि ते इंग्रजीतच शोभतं. पाथरवटानं चांगल्या सहा ओळी खोदल्या. पेठ खूश झाली. त्या दगडाला हात टेकून सगळे निवांत पाय धुवायला लागले.

पुढच्या पावसाळ्यात वहिनी तापानं गेल्या.

मागं राहिले मास्तर आणि वहिनींची म्हैस, चंद्री. ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देईना. मास्तर दोनदा लाथ खाऊन आडवे झाले. शेवटी समोरच्या हौसामावशी म्हणाल्या, "तिचं लुगडं नेसून बसा मास्तर. जनावर वासावर असतंय."

दुसऱ्या दिवशी सगळी पेठ गोठ्याच्या भिंतीवरनं डोकावत होती. डोक्याला फेटा, झुपकेदार मिशा आणि खाली वहिनींचं हिरवं लुगडं. मास्तर कुणाकडं न बघता धार काढत होते आणि काल शाळेत काय झालं ते हळू आवाजात सांगत होते. चंद्री गप उभी होती. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हिवाळा सरला. एका सकाळी शाळा तपासायला साहेब यायचे होते. घाईघाईत मास्तर धोतरावरच धारेला बसले. चंद्रीनं शेपूटसुद्धा हलवलं नाही. चरवी काठोकाठ भरली.

मला वाटलं, सुटला बिचारा. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर पुन्हा हिरवं लुगडं.

मी गोठ्यात गेलो. "मास्तर, आता कशाला वं हे? म्हशीला तुमची सवय झालीया की."

"व्हय, म्हशीला झालीया," मास्तर म्हणाले.

धार थांबली. त्यांनी घसरलेला पदर खांद्यावर नीट घेतला आणि चंद्रीच्या पोटाला डोकं टेकून, काल साहेब काय म्हणाले ते सांगायला लागले.

मी दार ओढून घेतलं.