अडकण्याचा मान

"रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलेली दिसली, की आधी थांबायचं, धाकटे. विचार मागाहून करायचा."

मला गाडी शिकवताना थोरल्या जाऊबाई एवढंच पुन्हा पुन्हा सांगायच्या. गिअरबद्दल त्या फारसं बोलत नसत.

माणसाने माणसाच्या मदतीला धावावं, हे सर्वमान्य आहे. परंतु नियमावलीवाचून केलेली मदत हा निव्वळ चांगुलपणा ठरतो, आणि चांगुलपणाला अध्यक्ष नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी आमच्याकडे मोटारचालक परस्पर साहाय्य मंडळ स्थापन झालं. जाऊबाईंचा शब्द डोक्यात असल्याने मी लगोलग सभासद झाले.

मंडळात सभासद दोन प्रकारचे: सक्रिय आणि निष्क्रिय. महिन्यातून एका तरी अडकलेल्या मोटारचालकाची सुटका करतो, तो सक्रिय. त्याच्या बॉनेटवर पितळी बिल्ला. निष्क्रिय ठरलेल्याचा बिल्ला खजिनदार स्वतः काढतात (स्क्रू ड्रायव्हर तबकातून आणला जातो. त्या वेळी टोपी घालू नये).

घोटाळा एवढाच झाला, की गाड्या बंद पडेनात. हल्लीच्या गाड्यांना सामाजिक भान उरलेलं नाही, असं अध्यक्षांनी खेदाने नमूद केलं. महिनाअखेर आली की सभासद दोरखंड घेऊन गल्लीबोळ पालथे घालू लागले. दातांचे डॉक्टर शेजाऱ्यांना रोज सकाळी मोठ्या आशेने विचारत, "काय, गाडी कशी आहे?" आणि "झकास" ऐकून त्यांचा चेहरा पडे. सिग्नलला थांबलेल्या एका गृहस्थांना तर तिघांनी ढकलत चौकापार नेलं. गृहस्थ बरंच काही बोलले, पण तिघांचे बिल्ले वाचले.

यावर उपाय म्हणून अडकण उपसमिती नेमण्यात आली. वजनकाट्याजवळच्या झाडाखाली रोज एकाने अडकायचं, बाकीच्यांनी रांगेने सोडवायचं. पहिल्याने बॅटरीची वायर जोडली, गाडी सुरू झाली, टाळ्या पडल्या, की वायर काढून पुढच्याला संधी. अशा रीतीने एकाच बिघाडात नऊ जण सक्रिय होऊ लागले (बिघाडाची उत्पादकता नऊपट वाढल्याचं वार्षिक अहवालात म्हटलं आहे).

पण अडकणं सगळ्यांना जमत नाही. विमा एजंट तासाभरात कंटाळला, त्याने स्वतःच वायर जोडली आणि घरी निघून गेला. स्वावलंबनाबद्दल त्याला सक्त समज देण्यात आली. अखेर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. एका जागी बसून नामस्मरण करणं, कुणावर न रागावणं आणि खोटं न बोलणं, हे माझे रोजचे नेम. नामस्मरण देवासमोर काय आणि स्टिअरिंगसमोर काय, सारखंच. खोट्याचा प्रश्न मी असा सोडवला, की वायर आधी खरोखर काढायची आणि मगच "गाडी सुरू होत नाही" म्हणायचं. देवाचा यावर आक्षेप असल्याचं अद्याप कळवण्यात आलेलं नाही. वर्षभर माझी गाडी घर ते झाड, झाड ते घर, एवढीच फिरली. अडकणाऱ्यालाही सक्रिय धरावं असा ठराव झाला, आणि सर्वांत सक्रिय सभासद म्हणून ढाल मला मिळाली.

मध्यंतरी जाऊबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. त्यांनी गाडी विकली. "ऑपरेशनला मीच नेणार," असा शब्द मी त्यांना दिला होता. दवाखान्याने तारीख अचानक अलीकडे आणली, आणि ती नेमकी अशा मंडळांच्या महासंघाचे निरीक्षक आमचं काम पाहायला येणार त्या दिवशी. मी झाडाखाली अडकून बसले असतानाच हे सांगणारा जाऊबाईंचा फोन आला. त्या पिशवी घेऊन घराच्या फाटकाशी उभ्या होत्या. आजची वेळ चुकली तर पुढची कधी, ते दवाखाना सांगत नव्हता.

मी अध्यक्षांच्या कानावर घातलं. ते व्यथित झाले.

"वहिनी, तुम्ही गेलात तर आम्ही मदत कुणाला करायची?"

मग तुमच्यापैकी एखाद्याने जाऊबाईंना दवाखान्यात सोडावं, असं मी हळूच सुचवलं. अध्यक्षांनी नियमावली चाळली.

"त्यांच्याकडे गाडी आहे?"

"विकली. दिसत नाही ना त्यांना."

"मग त्या अडकल्यात असं नाही म्हणता येणार."

दोरखंड खांद्यावर टाकून उभ्या असलेल्या नऊही जणांनी माना डोलावल्या.

मी खाली उतरले आणि वायर जोडली. दातांच्या डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. खजिनदार तबक आणायला धावले. मी रागावले नाही, नेम आहे. गाडी सुरू केली आणि निघाले.

पुढच्याच वळणावर ती बंद पडली. रोज काढघाल सोसून वायर मुळापासूनच तुटली होती. वर्षभरातला हा पहिला अस्सल बिघाड. मी बॉनेट उघडलं आणि हात दाखवला. झाडाखालून नऊही जण पाहत होते, पण उपसमितीच्या यादीबाहेरच्या बिघाडाला जाता येत नाही.

तेव्हा भिस्त येणाऱ्याजाणाऱ्यांवर होती. गाड्या पुष्कळ आल्या. त्यांत तुमचीही होती. तुम्ही वेग कमी केलात, बिल्ला पाहिलात, "मंडळाचं चाललंय काहीतरी" असं शेजारच्याला सांगून छान हसलात आणि गेलात. विचार आधी केलात. मंडळ तुम्हाला सन्माननीय सभासद मानतं, अर्ज भरायची गरज नाही.

मी बॉनेट लावलं, पर्स खांद्याला अडकवली, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या जाऊबाईंकडे पायी चालू लागले.