निपाणी शाखेचा माउस

"मशीन म्हंजे काय वो मायाप्पा? आपण ऊठ म्हणायचं, की उठलंच पायजे! दहा मिनिटांचं काम!"

गुरुवारी सकाळी चहाची बशी फुंकत धर्मराज कोलकारनं हे असं ठणकावून सांगितलं. बियाणे संघाच्या निपाणी शाखेत शिपाई मायाप्पा सोडून दुसरं ऐकायला कोणी नव्हतं, पण बोलला असा, की जणू समोर हजारभर माणसं बसलीयत!

सन १९८९. शाखेतला कॉम्प्युटर मूळचा बेंगळूरच्या हेड ऑफिसचा. तिथं पाच वर्षं राबून थकल्यावर तो बेळगावला आला, बेळगावनं दोन वर्षांनी निपाणीला ढकलला. थोरल्याची विजार धाकट्याला यावी तसा! पण निपाणीत त्याचा थाट जावयाचा. त्याला वेगळी खोली, खिडकीला पडदा, अंगावर प्लॅस्टिकची झूल आणि दाराबाहेर पाटी, 'चपला बाहेर काढाव्यात'. त्या खोलीत चप्पल न काढता जाण्याची हिंमत शाखाधिकारी हुक्केरीसाहेबांनाही नव्हती.

आणि या जावयाची मर्जी सांभाळणारा एकटा धर्मराज! बेंगळूरला दहा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलेला. त्यातले साडेनऊ दिवस इंग्रजी भाषणात गेले आणि प्रत्यक्ष मशीनला हात लागला तो चाळीस मिनिटं, ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. आईला तर मुळीच नाही.

आई पारूबाई बावीस वर्षं तंबाखूच्या वखारीत पानं निवडत होती. पोरगा बी.कॉम. झाला, खुर्चीवर बसला, आणि आता इजेवर चालणारं डोकं हाकतो म्हणे! "मला दाव की रं तुझं मशीन," असा तिनं महिनाभर लकडा लावला होता. धर्मराजनं तिला नेमका हाच गुरुवार दिला. कारण दुपारी तीनला बेंगळूरचे मोठे साहेब कोल्हापूरहून परतताना शाखेत डोकावणार होते. मशीन चालू दिसलं तर राहील, बंद दिसलं तर उचलून हुबळीला नेतील, असं हुक्केरीसाहेबांना पत्र आलं होतं. साहेबांपुढं मशीन चालवायचं आणि आईनं ते दारातून बघायचं, असा धर्मराजचा बेत!

त्यानं झूल काढली, हात जोडले आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. हळूच, गाफील ठेवून दाबलं. प्लग काढून घातला. पंख्याचा प्लग काढून तिथं मशीनचा घातला. तेव्हा पंखा तेवढा बंद पडला! धर्मराजच्या कपाळावरून घामाचे ओघळ सुरू झाले.

"हेच व्हय मशीन?" दारातून आवाज आला. पारूबाई चार तास आधीच हजर! सोबत वखारीतली मैत्रीण बायडाबाई. दोघींनी चपला काढून हातातच धरल्या होत्या.

"व्हय आई. आता जरा विश्रांती घ्यायला लागलंय."

"अकरा वाजता? उठीव की मग!" पारूबाई म्हणाली. "आमचा मुकादम असता तर बादलीभर पाणी वतलं असतं."

आता इज्जतीचा सवाल होता. धर्मराजनं स्क्रू-ड्रायव्हर आणला, मागचे स्क्रू काढले आणि पत्र्याचं झाकण ऐटीत उचललं. आत बियाण्याच्या पिशव्यांचे कुरतडलेले तुकडे, शेंगांची फोलपटं, कापसाची गादी. आणि त्या गादीवर बसून धर्मराजकडे टक लावून बघणारा एक गलेलठ्ठ राखाडी उंदीर!

"आई गं!"

धर्मराज कधी खुर्चीवर चढला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. किंकाळी ऐकून हुक्केरीसाहेब चप्पल घालूनच आत धावले, उंदीर बघून चप्पल घालूनच बाहेर धावले आणि आपल्या केबिनमधून ओरडले, "धर्मराज! बेंगळूरला ट्रंक कॉल लावा! हेड ऑफिसला विचारल्याबिगर कशाला हात लावू नका!"

अर्ध्या तासानं कॉल लागला. पलीकडं हेड ऑफिसचा इंजिनियर, त्याला फक्त इंग्रजी येत होतं. अलीकडं धर्मराज, त्याचं इंग्रजी बी.कॉम.च्या गाइडातलं. मध्ये खरखरणारी लाइन. उंदराला कुठला शब्द वापरावा याचा घोळ होऊन धर्मराजच्या तोंडून निघालं,

"सर, मशीन चालू होत नाही. मशीनमध्ये माउस आहे!"

पलीकडून आश्चर्यानं फुटलेला आवाज आला, "माउस? निपाणीला? अहो, आमच्याकडंसुद्धा अजून आला नाही! कोणी पाठवला?"

"कोणी नाही सर. आपला आपण आला."

"रंग?"

"राखाडी."

"बरोबर! आणि शेपूट? लांब आहे का?"

"चांगली वीतभर आहे सर."

"मग घोळ तिथंच आहे. ती शेपूट मशीनच्या मागच्या भोकात घट्ट बसवा. दोन्ही बाजूंनी स्क्रू पिळा."

धर्मराजच्या हातातला रिसीव्हर निसटता निसटता राहिला. "सर... पण तो जिवंत आहे!"

"जिवंत? म्हणजे चालू आहे? उत्तम! मग टेबलावर ठेवा, मूठ अलगद त्याच्या पाठीवर ठेवा आणि पुढं-मागं सरकवा. पाठीवर दोन बटणं असतील. डावं दाबा. घाबरू नका, तो काही चावत नाही!"

आणि तीन मिनिटं संपून लाइन कटली.

हुक्केरीसाहेबांनी विचारलं, "काय म्हणतात?"

"शेपटीला स्क्रू पिळा म्हणतात साहेब. आणि पाठीवरून हात फिरवा म्हणतात."

हुक्केरीसाहेबांची बत्तीस वर्षं सरकारी पत्रं वाचण्यात गेली होती, पण असा हुकूम त्यांनी ऐकला नव्हता. ते काही बोलणार एवढ्यात फोन पुन्हा घणाणला. हेड ऑफिस! साहेब आपसूक उठून उभे राहिले. "हौदु सर... हौदु सर..." करत कानडीत होकार देत ऐकत गेले आणि एकेका 'हौदु'गणिक त्यांचे डोळे मोठे होत गेले.

"अभिनंदन करतात," रिसीव्हर ठेवून ते पुटपुटले. "सगळ्या राज्यात पहिला माउस आपल्या शाखेत आला म्हणतात. मोठ्या साहेबांना कोल्हापूरला निरोप गेलाय. ते आता मुद्दाम माउस बघायला येणार! काही झालं तरी माउस जपून ठेवा म्हणाले."

रेशमाच्या किड्यापासून रेशीम काढतात, तसं उंदरापासून काही काढायचं बेंगळूरच्या लोकांनी शोधलं असेल, असं धर्मराजला वाटून गेलं. ट्रेनिंगला एका दुपारी त्याचा डोळा लागला होता. नेमकं तेव्हाच सांगितलं असणार!

दोघं धावतच मशीनच्या खोलीत आले. उंदीर नव्हता!

"आई, उंदीर कुठाय?"

"त्यो व्हय? शेपूट धरली आणि दिला खिडकीतनं भिरकावून गटारीत," पारूबाई पदरानं हात पुसत म्हणाली. "तू फोनवर एवढं बोलस्तोवर मी दहा उंदीर मारलं असतं."

हुक्केरीसाहेब मटकन खाली बसले. तेही जमिनीवर! "कोलकारबाई, अहो, तो सरकारी उंदीर होता!"

"सरकारी?" पारूबाईनं हनुवटीवर बोट ठेवलं. आधी पोराकडं बघितलं, मग साहेबांकडं. दोन्ही शिकलेली माणसं रडायच्या बेतात होती. तिला त्यांची कणव आली. "बायडे, चल गं. ह्यांच्या बियाण्याच्या गोदामात काय कमी असणार न्हायत."

दहा मिनिटांत दोघी परत आल्या. बायडाबाईच्या हातात बिस्किटाचा रिकामा डबा आणि डब्यात धडाधड उड्या.

"पण हा तांबूस आहे!" हुक्केरीसाहेब किंचाळले. "फोनवर राखाडी सांगितलाय!"

मायाप्पानं शांतपणे चहाच्या चुलीतली मूठभर राख आणली, झाकण किलकिलं करून आत उधळली आणि डबा दोनदा हलवला. "झाला राखाडी," तो म्हणाला.

तोवर पारूबाई मशीनमधलं घरटं उपसू लागली होती. केर काढल्याशिवाय तिला बसवतच नव्हतं. फोलपटं काढता काढता ती थांबली. "धर्मा, हिकडं बघ रं. ही वायर तुटलीया का तशीच असती?"

बटणापाशी जाणारी वायर उंदरानं अर्धी खाल्ली होती. मायाप्पानं प्लग काढला, रेडिओची वायर जोडावी तशी तिला पीळ घालून पट्टी गुंडाळली आणि प्लग परत घातला. धर्मराजनं देवाचं नाव न घेता, पण डोळे गच्च मिटून बटण दाबलं. घुर्रऽऽ! टीं! काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"अगं माझे बाई!" बायडाबाईनं दोन्ही हात गालांवर ठेवले. पारूबाई त्या हिरव्या अक्षरांकडं बघत राहिली, मग पोराकडं बघितलं आणि हातातल्या चपला तिनं हळूच खाली ठेवल्या. धर्मराजला तेवढ्यात शाखा, हुबळी, उंदीर, सगळ्याचा विसर पडला.

तीनला गाडी आली. मोठे साहेब सफारीत, भुवया ताणलेल्या. चालू मशीनकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आल्या आल्या विचारलं, "मौस एल्ली?"

म्हणजे कानडीत, माउस कुठंय? माउस म्हणजे उंदीर, एवढं पारूबाईला एव्हाना कळलं होतं. तिनं डबा पुढं केला, "ह्यो बघा की साहेब," आणि झाकण उघडलं.

पुढचं अर्धं मिनिट कुणालाच नीट आठवत नाही. राखेचा एक ढग उठला. त्यातून उंदीर निघाला, साहेबांच्या बाहीत शिरला आणि कॉलरमधून बाहेर आला. साहेब खुर्चीवर, खुर्चीवरून टेबलावर! आधी ते इंग्रजीत ओरडले, मग कानडीत. आणि निपाणीत येऊन मराठीचा एक शब्द कळत नसल्याचं वर्षानुवर्षं सांगणारे मोठे साहेब शेवटी चोख मराठीत ओरडले, "अगं आई, मेलो गं!"

उंदीर खिडकीतून गेला. साहेबांना टेबलावरून उतरायला आणखी पाच मिनिटं लागली. दोन कप चहा पोटात गेल्यावर ते बोलले. माउस म्हणजे साबणाच्या वडीएवढी प्लॅस्टिकची डबी. तिला वायर असते, तिलाच शेपूट म्हणतात. अमेरिकेत कॉम्प्युटरला जोडतात.

धर्मराजला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

साहेब उठले. कॉलर झटकली. राख उडाली. "इथं जे झालं, ते इथंच राहील," ते सगळ्यांकडं रोखून बघत म्हणाले. तेही मराठीतच! "मशीन चालू आहे. इथंच राहू दे. बाकीचा रिपोर्ट मी करतो."

गाडी गेली आणि हुक्केरीसाहेबांनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना भजी मागवली. सुटलो!

पंधरा दिवसांनी बेंगळूरचं पत्र आलं. ते हातात धरून धर्मराज घरी आला आणि उंबऱ्यातच बसला.

"काय झालं रं?" पारूबाईनं विचारलं.

टेबलावर चढल्याचं मोठे साहेब लिहिणार कसे? त्यांनी रिपोर्टात लिहिलं होतं, 'निपाणी शाखेतील माउस समक्ष पाहिला. अत्यंत चपळ आहे.' आणि हेड ऑफिसनं त्यावर हुकूम काढला होता. येत्या सोमवारी जिल्ह्यातल्या बारा शाखांची माणसं बेळगावला जमतील, धर्मराज कोलकार यांनी त्यांना माउस हाताळण्याचं प्रशिक्षण द्यावं, प्रत्येकाला स्वतः हाताळायला मिळेल अशी व्यवस्था करावी.

पारूबाईनं सगळं ऐकून घेतलं, उठली आणि फळीवरचा बिस्किटाचा रिकामा डबा खाली काढला.

"मग एवढं तोंड पाडाया काय झालं? बाराच न्हवं?"