सबनिसांच्या अळ्या

सबनिसांच्या सगळ्या अळ्या मी माशांना खायला घातल्या. साहेब रजेवर होते, त्यांच्या केबिनमधले मासे माझ्या ताब्यात होते, आणि प्रयोगशाळेत एका बशीत लालचुटूक खाऊ आयता वळवळत होता. मासे खूश झाले.

आता हा सबनीस काय चीज आहे ते सांगतो. पिंपरीतल्या आमच्या औषधांच्या कंपनीत बाकीचे लोक माणसांच्या दुखण्यावरची औषधं बनवायचे. हा गृहस्थ तीच औषधं अळ्यांना द्यायचा. सकाळी कासारवाडी स्टेशनवर उतरला की गटारात चहाची गाळणी घालून बसायचा. डब्याच्या वरच्या कप्प्यात पोळी-भाजी, खालच्या कप्प्यात अळ्या. जेवायला शेजारी कोणी का बसत नाही, याचं त्याला प्रामाणिक आश्चर्य वाटे.

अळीच्या लाळग्रंथीत म्हणे क्रोमॅटिनचे, म्हणजे गुणसूत्रांच्या द्रव्याचे, जाड धागे असतात, जागोजागी फुगलेले. औषध दिलं की फुगवटे बसतात. "औषध धुऊन काढलं की ते परत येतात का, एवढंच बघायचंय!" हे मी तीन वर्षं ऐकत होतो.

"आले तर काय होईल?" मी एकदा विचारलं.

"अहो, आले म्हणजे आले!"

साहेबांनी मात्र बजावलं होतं: सोमवारी परत येईन तेव्हा काहीतरी दाखवा, नाहीतर टेबल पॅकिंग खात्याला. आणि औषध धुऊन काढलेल्या अळ्या नेमक्या त्याच बशीत होत्या.

"सगळ्या घातल्यात?" सबनिसाने विचारलं.

"मासे उपाशी होते हो," मी म्हणालो. असला युक्तिवाद मला अगदी वेळेवर सुचतो.

तो भिंग घेऊन बशीच्या तळाचा गाळ चिवडत बसला. त्यात एक अळी सापडली. सुईने तिची ग्रंथी काढली, रंगवली, काचेखाली अंगठ्याने दाबली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून अर्धा तास हलला नाही.

"परत आलाय," तो म्हणाला. "फुगवटा परत आलाय. या ना, कुणीतरी बघा ना!"

त्या टेबलाला एकच स्टूल होतं. ते रुमालाने पुसून त्याने माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः हात बांधून उभा राहिला. तीन वर्षांत त्या नळीला दुसऱ्या कुणाचा डोळा लागलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. भरपाई म्हणून मी दणक्यात म्हणालो, "वा! काय फुगलाय! आणि या काळ्या रेघा कशा लवताहेत!"

"राव," सबनीस म्हणाला, "त्या तुमच्या पापण्या आहेत."