पत्र्याखालची बाभळ

आमच्या गावात कुणाचं झाड पडलं की शिवलिंगअप्पा भेटायला जातात. सांत्वनाला! चप्पल बांधावर काढतात, बुंध्यावर हात ठेवतात नि मालकाला खालच्या आवाजात विचारतात, "कवा गेलं?"

"परवाच्या वाऱ्यात, अप्पा."

"एकाएकी? का आधीपासनं काय त्रास व्हता?"

"वाळवी लागली व्हती."

"सुटलं म्हना बिचारं," म्हणत अप्पा उसासा टाकतात, नि तो संपायच्या आत सायकलच्या कॅरेजवरचा कासरा सोडतात. झाड मालकाचं, सुतक मालकाला, लाकडं अप्पांची!

अप्पा माझे शेजारी. माकणीच्या अलीकडं आमचं गाव. मी इथल्या शाळेत शिकवते, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. अप्पांचं पूर्वी किराणा दुकान होतं. आता पंचाहत्तरी आली, घरात दोन-दोन सिलिंडर आहेत, तरी संक्रांत झाली की म्हातारा कुऱ्हाड घेऊन रानात. त्या सायकलवर मी अप्पांना बसलेलं कधी पाहिलं नाही. लाकडं बसतात, अप्पा चालतात. पावसाळ्यात पडलेली झाडं एव्हाना वाळलेली असतात, नि शिमगा तोंडावर असतो. शिमग्याला पोरं दिसेल ते लाकूड होळीसाठी उचलतात आणि त्यांना कुणी बोलायचं नाही, अशी इथली रीत. म्हणून सगळं त्याच्या आत घरी आणायची घाई.

माणसंही अप्पा लाकडासारखीच पारखतात. नव्या सरपंचानं पहिल्या भाषणात घरोघर नळ जाहीर केला, तेव्हा अप्पा पुढच्या रांगेतून म्हणाले, "वलं हाय. नुसता धूर करंल." सरपंचानं पुढं दोन वर्षं तेवढंच केलं. माझ्या होणाऱ्या जावयाला त्यांनी खालीवर बघितलं नि निकाल दिला, "वलं हाय, पर वाळंल." जावई अजून मला विचारतो, की ते काय म्हणाले होते?

आता आमच्या भांडणाचं सांगते. अप्पांच्या अंगणात कडुलिंब, चिंच, बोर सगळ्यांचे ढीग उघड्यावर. पत्र्याखाली मात्र निव्वळ बाभळीचा एक, ताडपत्रीनं झाकलेला. त्याला हात लावायचा नाही. लेकीचं लग्न गुढीपाडव्यानंतरचं ठरलं आणि आचारी म्हणाला, बाभूळ बघा, जाळ टिकतो. मी हक्कानं मागायला गेले. पंधरा वर्षांचा शेजार!

"ती द्यायची न्हाय, बाई."

"अप्पा, सोन्याची आहे का?"

"न्हाय म्हनलं ना."

मला असा संताप आला! आठ दिवस मी भाजीची वाटी पाठवली नाही. वर म्हातारा कसा कंजूष आहे, ते गावभर सांगत सुटले.

शेवटी दगडूनानांनी माझं तोंड बंद केलं. नाना समोरच राहतात, अप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. रोज सकाळी येऊन त्याच ताडपत्रीवर बसायचं, चहा प्यायचा नि अप्पांशी भांडायचं, हा त्यांचा उद्योग.

"बाई, त्येला बोल लावू नका," नाना म्हणाले. "ती लाकडं माजी हायती."

"मग तुम्ही द्या."

"माजी म्हंजी, माज्या मयतीची."

नानांची बायको मी या गावात येण्याआधी, भर पावसाळ्यात गेली. गावात कोरडं लाकूड मिळेना, सरण पेटेना. लोकांनी डिझेल ओतलं, टायर आणले, नि नाना त्या धुरात उभे. अप्पा लिंगायत. त्यांच्यात माणूस गेलं की पुरतात, लाकडाचा संबंधच नाही. ते सगळं त्यांनी त्या दिवशी जवळून पाहिलं. दुसऱ्या सकाळी येऊन नानांना एवढंच म्हणाले, "तुजं असं मी व्हऊ देत न्हाय." तेव्हापासून ही सायकल.

"आणि तुम्ही खुशाल त्याच्यावर बसून चहा पिता?"

"आडवं व्हायच्या आधी बसून बघतोय," नाना हसले. "टोचतंय का."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी शिरा करून पाठवला. अप्पांनी काही मनात ठेवलं नव्हतं. कुणाच्या तरी बांधावरचा पडलेला कडुलिंब चार दिवस ओढत आणून त्यांनी लग्नासाठी माझ्या दारात रचून दिला.

होळीच्या सकाळी अप्पा मोतीबिंदू काढायला सोलापूरला गेले. "बाई, पत्र्याखाली ध्यान ठिवा," असं तीनदा बजावून गेले. ते जातात न जातात तोच तरुण मंडळ ट्रॅक्टर घेऊन आलं. तरुणांचा अध्यक्ष चाळिशी ओलांडलेला. त्यानं उघड्यावरचे ढीग ट्रॅक्टरवर चढवले नि मग ताडपत्रीला हात घातला.

"सणाचं लाकूड हाय बाई, न्हाय म्हनू नये."

नाना उठून उभे राहिले, नुसती ताडपत्रीची कड धरून. स्वतःच्या सरणासाठी माणूस भांडणार तरी कसा? आणि त्यांच्यादेखत मी तरी काय सांगू?

"ते सोडा," मी म्हटलं. "माझा कडुलिंब न्या. सगळा."

लग्नाचं सरपण दहा मिनिटांत ट्रॅक्टरवर चढलं. अध्यक्षानं माझा फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'दानशूर बाई'. नाना डोळे पुसत म्हणाले, "अप्पाला सांगू नका. एका डोळ्यानं परत रानात जाईल ते येडं."

तिसऱ्या दिवशी अप्पा डोळ्यावर हिरवी पट्टी लावून आले. आधी ताडपत्रीखाली हात घालून लाकडं चाचपली, मग माझ्या दाराकडं बघितलं.

"कडुलिंब कुठाय?"

मी थाप मारणार, तेवढ्यात सांगू नका म्हणणारे नानाच बोलून गेले, "शिमग्याला दिला त्यांनी. हे वाचवायला."

अप्पा खाली बसून ताडपत्रीची दोरी सोडायला लागले. "बाई, आचाऱ्याला बोलवा."

"अप्पा, नको! मला नको ते!"

"घ्या वो बाई," नाना म्हणाले. "आवंदाचा पावसाळा म्या काढतो की."

अप्पांचा हात थांबला. उघड्या डोळ्यानं त्यांनी नानांकडं बघितलं. "शब्द दे."

नानांनी हात पुढं केला. अप्पांनी तो धरला, नि किती वेळ सोडलाच नाही.