राजश्री भगवंतराव यांच्या सायकलीचे आसन उतरले, त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, थोरांस साष्टांग आणि निंदकांस दुरून नमस्कार घालून, धारेच्या मुलखी जे घडले ते यथास्थित लिहितो. शके अठराशे बहात्तर, संवत्सराचे नावच विकृती, मास मार्गशीर्ष. दोन वर्षांमागे धारेचे संस्थान विलीन जाहले, तोफांस गंज चढला, आणि पीलखान्यातले हत्ती कोणी कोठे नेले ते नेले. त्या पीलखान्याचे कारकून राजश्री भगवंतराव, हत्तींचा चारा मोजण्यात ज्यांची हयात गेली, त्यांस नव्या सरकारने तिरल्याच्या कचेरीवर नामजाद केले. तिरले पायी गाठावे तर कचेरी उघडून मिटे. मग रावांनी एक जुनी सायकल खरीदली आणि पहिला हुकूम फर्माविला की, आसन निघेल तितके वर काढावे. ते निघाले, आणि खाशांचे पाय जमिनीस पारखे जाहले. चढणे ओट्यावरून, उतरणे देवाच्या भरवशावर.

पहिल्याच आठवड्यात देवीसागर तळ्याच्या उतारास कडब्याची गाडी आडवी आली. रावांनी ब्रेक दाबला, परंतु टेकावयास पाय पुरेना, मग सायकल थांबली आणि स्वारी थांबली नाही. खासे कडब्यात गर्क जाहले, टोपी चिखलात गेली, गुडघा फुटला, आणि हँडल उगवतीकडे तर चाक मावळतीकडे पाहू लागले. गाडीवान धावत येऊन मुलखी बोलीत पुसू लागला, "भिया, लागी तो नी?" राव कडब्यातून बोलले, "आम्ही उतरलो आहोत."

मग जखमी सायकल बाजारात उमाशंकर मिस्त्रीच्या डेऱ्यात दाखल केली. मिस्त्री हुन्नरी खरा, परंतु गिऱ्हाइकाची मुद्रा पाहून हत्यार चालविणारा. त्याने चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल पिळून सरळ केले, ढिल्या तारा ताणल्या, चेन चढविली, आणि सारा अपराध ब्रेकांवर घालून ते ऐसे कसले की चाक फिरण्यास राजी होईना, मग पुन्हा ढिले केले. आसनाकडे नजर गेली, तशी त्याने रावांची मुद्रा न्याहाळली आणि अर्ज केला, "सीट ऊंची, तो शान ऊंची, रावसाब." राव बहुत प्रसन्न जाहले.

दुसरे दिवशी दारातच शेजारच्या मोरोपंतांनी रामराम घातला. रामराम घेणे म्हणजे थांबणे, आणि थांबणे म्हणजे पडणे. म्हणून राव पडले आणि हँडल पुनरपि वाकडे जाहले. मग ओट्यावर मसलत बसली. एकाने वाऱ्याचा दोष सांगितला, दुसऱ्याने शनीचा, आणि मोरोपंतांनी नजर लागली ऐसा निवाडा करून हँडलास लिंबू-मिरची बांधविली. तिकडे तिरल्याहून ताकीद आली की, कारकून आणखी एकदा उशिरा आले तर त्यांच्या जागी दुसरा नामजाद होईल.

रावांचे कुटुंब भवानीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांस मसलतीस कोणी बोलाविले नव्हते, म्हणून त्यांस कारण दिसले. जेवतेवेळी त्या म्हणाल्या, "अहो, सीट जरा खाली घ्या ना. पाय पोचत नाहीत तुमचे."

राव घास हाती धरून राहिले आणि हळू बोलले, "सारी उमर हत्तीच्या पायाशी उभा राहून चारा मोजला गं. एकदासुद्धा कोणी म्हणालं नाही, भगवंता, चढ वर. आता कुठं लोकांच्या डोक्यावरून दिसतंय."

बाईंनी ताटात भाकरी वाढली आणि विषय मोडला. परंतु जिवास घोर लागला तो लागलाच. कारण तिरल्याच्या सडकेवर मोटारी भरधाव जात, आणि पुढले पडणेही कडब्यातच होईल ऐसा करार देवाने लिहून दिला नव्हता.

मग आदितवारी राव जेवून घोरू लागले, तैसा बाईंनी पदर खोचला आणि मिस्त्रीकडून मागून आणिलेला पाना घेऊन परसात सायकलीवर चालून गेल्या. बोल्ट गंजून जागचा हलेना. मग त्यास रॉकेल पाजले आणि पाना फिरविता फिरविता तळहाताचे साल निघाले, तरी बाई हटल्या नाहीत. बोल्ट शरण आला, परंतु आसन हट्टास पेटले. मग त्यावर जुने लुगडे घालून वरवंट्याने घाव घातला. घोरणे थांबले.

"काय चाललंय?"

"दाण्याची चटणी कुटतेय!"

"लसूण जास्त घाल."

आसन चार बोटे उतरले, आणि बाईंस त्या थकल्या हातांनी खरोखरीच चटणी कुटावी लागली.

सोमवारी राव स्वार जाहले, तेव्हा जग काहीसे ठेंगणे भासले, परंतु उशीर होत होता. उतारास या खेपेस उसाची गाडी आडवी आली. राव रामनाम घेऊन पडण्याच्या तयारीस लागले, ब्रेक दाबला, आणि पाय भुईस लागला. सायकल उभी राहिली आणि रावही उभे राहिले. त्यांनी पायाकडे पाहिले, मग आसनाकडे, मग दांडीवरच्या रॉकेलच्या ओघळाकडे. गाडी निघून गेली तरी ते तेथेच. मागून कोणी ओरडले, "चलो नी भिया!" तेव्हा कूच केले आणि कचेरी वेळेवर गाठली.

सांजवेळी राव घरी परतले. बाई चुलीपाशी तोंड चुकवून बसल्या होत्या. राव घसा साफ करून दरबारी स्वरात बोलले, "आसन चार बोटं खाली घ्यावं, असा आमचा हुकूम आहे."

"बरं. सांगते मिस्त्रीला."

"मिस्त्री कशाला?" म्हणून राव खाली बसले, आणि त्यांनी बाईंचा हात ओढून मूठ उघडली. मग स्वतः उठून तूप-हळद आणिली आणि सोललेल्या तळव्यास लाविली. म्हणाले, "मला हाक मारायची होतीस."

"मारली असती, तर उतरलं असतं का?"

राव हसले, आणि बाईही हसल्या.

धारेत वार्ता ऐसी पसरली की, भगवंतरावांनी द्वाड सायकल अखेर वठणीवर आणिली, आणि रावांनी ती वार्ता कोठेही खोडिली नाही. येणेंप्रमाणे मोहीम शेवटास गेली. फत्ते जाहली हे खरे. कोणाची, ते लिहिण्याचा हुकूम नाही.