संभाव्य चौऱ्याण्णव

माणूस आज काय आहे यापेक्षा पुढे काय होऊ शकेल, याला जगात नेहमीच जास्त मान असतो; कारण आजचं तपासता येतं.

हे तत्त्व एका चष्मेवाल्याला दुकानातल्या कॉम्प्युटरवरच्या फुटबॉल-मॅनेजरच्या खेळात सापडलं. या खेळात स्वतः बॉलला पाय लावायचा नसतो (चष्मेवाल्याच्या गुडघ्यांना हे फार मानवलं). नुसता क्लब चालवायचा. प्रत्येक खेळाडूपुढे दोन आकडे असतात: आजचं कौशल्य आणि संभाव्य कौशल्य. त्याच्या संघात सतरा वर्षांचा एक लंबूटांग स्ट्रायकर निघाला. चष्मेवाल्याने लाडाने त्याचं नाव ठेवलं टोळ. आजचं कौशल्य अठ्ठेचाळीस, संभाव्य चौऱ्याण्णव! चष्मेवाल्याने तो आकडा दुकानातल्या तीन नंबरांच्या भिंगांतून वाचून पाहिला. चौऱ्याण्णवच.

खेळाची सूचना स्पष्ट होती: सामन्यात उतरवाल, तर खेळाडू वाढेल. पण उतरवला आणि पाय मोडला तर? उतरवला आणि चुकला तर? सबब, टोळच्या सर्वांगीण विकासासाठी पुढील तरतूद करण्यात आली: दोन प्रशिक्षक, खास आहार, धीर द्यायला एक निवृत्त कप्तान, आणि बसायला बाक.

बारा हंगाम गेले. (एक हंगाम दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात उरकायचा, दुकान कसं चाललं होतं ते यावरून ओळखावं.) टोळ एकोणतीस वर्षांचा झाला. आजचं कौशल्य एकोणपन्नास, संभाव्य चौऱ्याण्णव. बारा वर्षांत आकड्याची जराही झीज नाही!

तेराव्या हंगामात संचालक मंडळाचं पत्र आलं: अंतिम सामना जिंका, नाहीतर खुर्ची सोडा.

सामना एक-एक. दहा मिनिटं उरलेली, मैदानावरचा स्ट्रायकर लंगडतोय. जेवायला बोलवायला आलेली बायको मागे थबकली.

"अहो, तो लंबू नुसता बसलाय कशाला? उतरवा की!"

"टोळला? वेडी का काय तू! चौऱ्याण्णवचा आहे तो."

"मग?"

"असा माल भलत्या वेळी काढायचा नसतो."

"फायनल आहे ना ही?"

"म्हणूनच तर!"

"मग काय, लोणचं घालणार आहात त्याचं?"

चष्मेवाल्याने लंगडत्या स्ट्रायकरच्या जागी राखीव गोलकीपर उतरवला. सामना गेला, पाठोपाठ खुर्चीही गेली. खेळानेच नेमलेल्या नव्या मॅनेजरने पुढच्याच सामन्यात टोळला मैदानावर सोडलं. चाळीस मिनिटांत खेळाने फेरमोजणी केली: संभाव्य एक्कावन्न.

"बघ!" चष्मेवाला कळवळला. "वापरला की हे असं होतं!"

वाचकहो, हसू नये. आपणही येत्या सोमवारपासून काही ना काही सुरू करणार आहात, आणि एकदा सुरू केलंत की कुठल्या कुठे पोचाल, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. आजवर एकदाही उतरला नाहीत, म्हणून तर आकडा शाबूत आहे. फक्त बाकावर जरा सरकून घ्या. मागे पुष्कळ चौऱ्याण्णव ताटकळत उभे आहेत.