दयारामभाऊंचं अडलेलं पान

वर्षावासाचे तीन महिने आमच्या सिंदेवाहीच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. बाकी गावांत आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथ संपतो. आमचा नऊ वर्षांत एकदाही संपला नाही, कारण वाचायला दयारामभाऊ!

वनखात्यातून रिटायर झालेला हा गार्ड ग्रंथ नुसता वाचायचा नाही, स्वतःवर लावून पाहायचा. पान संपलं की चष्मा कपाळावर. "लागू पडलं का?" लागू पडल्याशिवाय पान उलटायचं नाही.

चोरी न करण्याचं पान आलं, तर नोकरीतली सरकारी बॅटरी परत करायला भाऊ खात्याच्या लाकूडडेपोत हजर. तिथल्या बाबूनं हात जोडले, "भाऊ, हे कुठी ठेवू मी? घरी न्या न बावा!" भाऊ ढिम्म. संध्याकाळी बाबूनं वैतागून ती घेतली तेव्हाच उठले. कडू न बोलण्याच्या पानावर तर तीन दिवस तोंडाला कुलूप. त्यांच्या शेवंताबाई मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, घर कसं शांत झालं! हेच पान रोज वाचाले सांगा न त्यायले."

पण मैत्रीच्या पानाशी गाडी अडायची. दुरावलेल्याचंही भलं चिंतावं, असं ते पान. "माहं कच्चं हाये," म्हणून भाऊ ग्रंथ मिटायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अख्ख्या विहाराला ते तोंडपाठ झालं होतं.

नवव्या वर्षी माझं डोकं सटकलं. सगळे गेल्यावर विचारलं, "भाऊ, एवढा कोणावर राग धरून बसलात?"

"राग कायचा, बाई. आमच्या सुनंदानं तिच्या मनानं लगन केलं, तवा म्या म्हनलं, मले तू मेली. नऊ वर्षं झाली. पोंभुर्ण्याले तीनदा गेलो, तिचं दार पाहून वापस आलो. एकडाव एसटीडीवरून फोन लावला, आवाज ऐकला न ठेवला."

"मग लागू पडलं की! उलटा पान."

"माहा राग तं कवाचाच गेला. तिचा गेला का, ते मले कसं समजन? पुढं वाचलं म्हंजे संपलं सारं. इथी थांबलो तं वाटते, येईन पोरगी."

मला रडूच आलं. इतकी वर्षं मी या माणसाला हट्टी म्हणत होते. म्हटलं, "उद्या दुपारच्या गाडीनं मी येते तुमच्यासोबत."

भाऊंनी ग्रंथ कापडात गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "बाई, पहाटं जंगलात सात्या निंगल्या असतीन. पावसातली ते अळंबीची भाजी तिले लय आवडे. घेऊन गेलो तं दार उघडन न?"